निंदकाची नजर

कुंदा शिवणकर बांधीवर, धानाच्या खाचरावर, आली, तेव्हा निंदकाच्या पडद्यावर रोजचाच आकडा होता: तण शून्य. निंदण काढणाऱ्या या यंत्राचं बारसं गावातल्या बायकांनीच केलं होतं. सहा पायांवर ते चिखलात फिरायचं आणि बुंध्याचा रंग बघायचं. काळ्या धानाचा बुंधा जांभळा, तणाचा हिरवा. हिरवं दिसलं की उपटलं, एवढीच त्याची अक्कल.

आज मात्र धान जरा जास्तच दाट दिसत होतं. मुठीने फोकून पेरलेलं, त्यामुळे ओळीवरून ओळखायची सोय नव्हती. ही बियाण्याची बांधी होती आणि इथलं बी चाळीस घरांत जाणार होतं. त्यात सावा हे धानासारखंच दिसणारं तण मिसळलं, तर ते चाळीस शेतांत पोचणार. आठ दिवसांत त्याची लोंबी बाहेर पडली असती.

कुंदाने सुगरताबाई मेश्रामला बोलावून आणलं. ही एकेकाळी आठजणींची टोळी घेऊन निंदायला जायची. आता डोळ्यांत मोतीबिंदू. चिखलात उतरून ती अंगठा फिरवू लागली.

“हे धान. हेबी धान. हा सावा.”

“मावशी, तो बी जांभळाच हाये.”

“असन. याले जिभली नाही.”

पातं खोडापासून सुटतं, तिथे धानाला पातळ पांढरा पापुद्रा असतो. तीच जिभली. साव्याला ती नसते.

कुंदाच्या लक्षात आलं. आठ वर्षं निंदकाने हिरवा सावा वेचून वेचून उपटला. लाखात एखादा जांभळट निघाला, तो वाचला, त्याचंच बी मातीत पडत राहिलं. यंत्राने तण निवडून वाढवलं होतं. तिला स्वतःचाच राग आला. निंदकाचं कौतुक गावभर सांगत फिरणारी तीच होती.

“निंदकाले जिभली शिकवू का?”

“शिकव. मंग सावा बी शिकन. आमच्या डोळ्याले फसवाले तो धानासारखा झाला, तुह्या यंत्राले फसवाले जांभळा झाला.”

“अन् ह्या बांधीचं?”

“वाक.”

कुंदा वाकली. तिने उपटलेलं पहिलंच रोप सुगरताबाईने चाचपलं आणि परत चिखलात खोचलं. धान होतं ते. दुपारपर्यंत कुंदाच्या अंगठ्याला जिभली लागू लागली, पण बांधीचा जेमतेम एक कोपरा झाला होता.

“टोळीतल्या बाकीच्या कुठं हायेत, मावशी?”

“दोघी गेल्या. तिघी पोराकडं, शहरात. दोघीईच्या बोटात आता काई राह्यलं नाही.”

“मंग गावातल्या पोरीईले बोलावते. शिकवसान त्याईले?”

“शिकवीन ना,” कंबरेवर हात ठेवून सुगरताबाई सरळ झाली. “पर आठ वरसं तूच सांगत होती, आता बोटाचं काम नाही म्हून. तुह्या शब्दावर कोन उतरन आता चिखलात?”