ऑपरेटरला विचारलेला प्रश्न

खरं तर भांडायलाच गेले होते मी त्या खिडकीपाशी. माझ्या प्रोग्रॅमऐवजी भलत्याच कुणाचे छापील कागद माझ्या हाती आले होते. खिडकीपलीकडे, ऑफिसच्या एकुलत्या एक कॉम्प्युटर मशीनच्या गारढोण खोलीत, स्वेटर घातलेला ऑपरेटर उभा होता. त्याने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “चूक माझीच... पण तुम्ही रागावता छान!”

पुढचं भांडण मला आठवेचना.

मग रोजचंच झालं. भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा मी खिडकीतून द्यायचा, तो त्याने मशीनकडून वाचून घ्यायचा. तेवढ्यात चार शब्द — कधी पाच. आत मशीन एकसुरात गुणगुणत असायचं आणि ताज्या कागदांना उबदार वास यायचा.

“पूर्वी ऑपरेटिंग सिस्टीम नव्हतीच,” तो सांगायचा. “एक काम संपलं की माणूस दुसरं लावणार, तोवर एवढं मोठं मशीन नुसतं बसून! मग ही आली आणि रांग आपोआप सरकायला लागली.”

“मग तुम्ही काय करता?”

“वाट बघतो...” तो माझ्याकडे बघत म्हणाला. “म्हणजे, टेप लावायची असली की सिस्टीम मला विचारते ना — त्याची.”

माझे कान तापले. मला तो आवडायला लागला होता, अगदी सरळसरळ.

आणि बातमी आली. सोमवारपासून नवी सिस्टीम, एकाच वेळी सगळ्यांशी बोलणारी. आम्हा प्रत्येकाच्या टेबलावर थेट मशीनशी जोडलेलं टर्मिनल येणार आणि खिडकी बंद होणार. सगळे खूश, मी मात्र खिडकीकडेच बघत राहिले.

“मूग गिळून काय बसलीस?” शेजारच्या टेबलावरच्या ताई म्हणाल्या. “विचारून टाक!”

तोंडाने विचारायचा धीर होईना. पण जुन्या सिस्टीममध्ये एक सोय होती. प्रोग्रॅम मध्येच थांबून ऑपरेटरच्या टाइपरायटरवर प्रश्न छापू शकायचा आणि उत्तर मिळेपर्यंत जागचा हलायचा नाही. शुक्रवारी दुपारी मी माझ्या प्रोग्रॅममध्ये प्रश्न घातला — ‘चहाला येणार?’

मशीन थांबलं. मागची रांगही थांबली. बघता बघता खिडकीपाशी गर्दी झाली आणि साहेब थेट आत शिरले.

“का खोळंबलंय?”

“उत्तर देतोय साहेब... पण ते पुन्हा पुन्हा तेच विचारतंय.”

साहेबांनी टाइपरायटरवरचा कागद वाचला. चष्म्यावरून आधी त्याच्याकडे पाहिलं, मग खिडकीतून माझ्याकडे. धरणीने पोटात घेतलं तर बरं, असं झालं मला. घाईत मी एकच उत्तर चालेल असं लिहिलं होतं — ‘हो’. दुसरं काहीही आलं, की पुन्हा तोच प्रश्न!

“मी ‘कधी’ विचारलं, ‘कुठे’ विचारलं,” तो हसू दाबत मला म्हणाला. “तुमच्या प्रोग्रॅममध्ये नकाराला जागाच नाही!”

“तुम्ही नाही म्हणालात तर काय करायचं...” मी पुटपुटले, “ते सुचलंच नाही मला.”

“अहो, मग हो म्हणा की एकदाचं!” साहेब ओरडले. “लोकांची कामं अडलीत!”

“म्हणणारच होतो साहेब.” त्याची नजर माझ्यावरून हलली नाही. “पहिल्या दोन वेळा कळलं नाही म्हणून चुकलो. नंतरच्या सगळ्या वेळा... तिने पुन्हा विचारावं म्हणून.”

मग त्याने हो टाइप केलं, आणि रांग पुढे सरकली.