साडेबाराव्या दिवसाची चूक

विद्यापीठात प्रयोगासाठी उंदीर पाळतात त्या इमारतीत शिरायचं तर आधी कपाटाएवढ्या एका खोलीत उभं राहावं लागतं. दोन्ही दारं बंद होतात, चारी बाजूंनी वाऱ्याचे झोत सुटतात, अंगावरची धूळ उडते आणि वीस सेकंदांनी समोरचं दार आपोआप उघडतं. एका वेळी एकानेच जायचं, अशी पाटीही लावलेली आहे. कायो ओगाता ती पाटी चार वर्षं रोज वाचत होती. पण मे महिन्यातल्या त्या सकाळी तिला घाई होती. या मुलीला सदानकदा घाई, हे आधीच सांगून ठेवलेलं बरं. आत कुणी आहे की नाही हे न बघताच ती घुसली.

आत एक उंच माणूस होता. टोपी, मास्क, पायघोळ पांढरा झगा… दिसत होते ते फक्त डोळे. मागचं दार धाडकन लागलं आणि वारा सुटला.

"पाटी वाचता येते ना?" तो वाऱ्याच्या वर आवाज काढून ओरडला.

"तुम्हाला येते, तर तुम्ही का आलात?"

"मी एकटाच आलो होतो! दुसरं माणूस तुम्ही आहात!"

वारा थांबला. दार काही उघडलं नाही. क्षणभर शांतता, आणि पुन्हा वारा!

"यंत्र गोंधळलंय," तो म्हणाला. "एवढ्या वजनाचा एकच माणूस त्याने पाहिला नसणार."

"माझं वजन काढू नका हं!"

"बरं, माझंच काढतो. मी तोकुनागा. आमाकुसा बेटांवरून आलोय, परवाच कामावर लागलो. कुणी ओगाता-सान आहेत म्हणे, त्यांना रोज पेशी काढून द्यायच्यात. फार खडूस बाई आहे असं ऐकलंय."

"मीच ती," कायो म्हणाली.

डोळे मोठ्ठे झाले. तो झटकन माफी मागायला वाकला, तीही सवयीने वाकली, आणि एवढ्याशा जागेत दोघांची कपाळं एकमेकांवर आपटली. तेवढ्यात दार उघडलं. बाहेर येऊन कायो कपाळ चोळत हसत राहिली, आणि त्या दिवशी पिंजरे मोजताना तिची तीनदा चूक झाली.

मग रोज सकाळी दहाला तोकुनागा बर्फाचा डबा घेऊन वर येऊ लागला. त्याच्या हातांना जादू होती म्हणा ना. उंदराच्या साडेबारा दिवसांच्या गर्भातली जननग्रंथी भाताच्या शितापेक्षाही लहान. तिच्यातून तो फक्त बीजपेशी तेवढ्या वेगळ्या काढायचा, शेजारची एकही पेशी मिसळू न देता. आमाकुसात लहानपणी आत्याच्या खानावळीत लहान मासळीचे काटे काढायचो, तिथेच हात बसला, असं तो सांगायचा.

"पण साडेबारा का?" त्याने एकदा विचारलं. "बारा नाही, तेरा नाही?"

"उंदरांचा संबंध रात्री येतो. सकाळी बघितलं की अर्धा दिवस झालेला असतो. म्हणून आमच्याकडे सगळं अर्ध्यात."

"मग मी साडेएकोणतीसचा. तुम्ही?"

"साडे… तुम्हाला कशाला हव्यात नसत्या चौकशा?"

तो हसला. मग डब्याकडे बघत म्हणाला, "आणि या पेशींचं नेमकं काय बघता तुम्ही?"

एरवी असं कुणी विचारलं की ती दोन वाक्यांत वाटेला लावायची. त्या दिवशी खुर्ची ओढून बसली. आईबापांच्या डीएनएवर खुणा असतात, तिने सांगितलं, मिथिल नावाच्या रसायनाच्या, बारीक बारीक. कुठलं जनुक बोलायचं, कुठलं गप्प बसायचं, हे त्या ठरवतात. पण ज्या पेशींपासून पुढची अंडी आणि शुक्राणू व्हायचे, त्या आपल्यावरच्या जवळजवळ सगळ्या खुणा पुसून टाकतात आणि मग नव्याने लिहितात.

"जवळजवळ?" तो म्हणाला.

"तेच तर शोधतेय. काय पुसलं जात नाही ते."

तो तिच्याकडे बघत राहिला, जरा जास्तच वेळ. कायोने उगाचच पिपेटचं टोक बदलून पाहिलं.

सप्टेंबरात त्याने अडखळत विचारलं. आत्या गावाकडून ताजा ऑक्टोपस घेऊन आलीय, इथे ट्रामच्या शेवटच्या थांब्याजवळ मावशीकडे तळणार आहे, तर… म्हणजे वेळ असेल तर… संध्याकाळी सहाला तो खाली थांबेल. कायो "बघते" म्हणाली, आणि दुपारपासून तिचं कशात लक्ष लागेना.

खुणा मोजायच्या आधी डीएनए बायसल्फाइटच्या द्रावणात ठेवावा लागतो. खूण नसलेली अक्षरं त्यात बदलतात, खूण असलेली तशीच राहतात. म्हणजे जे टिकलं, त्यावर खूण होती. पण द्रावण ताजं हवं, त्याच दिवशी केलेलं. शिळं झालं की त्याचा जोर ओसरतो, कोरी अक्षरंही न बदलता राहतात आणि नसलेल्या खुणा दिसायला लागतात. तयार संच बाजारात मिळतो, पण प्रयोगशाळेचे प्रमुख सेरिझावा सर, त्यांचा हट्ट, की कायोसारख्या विद्यार्थ्यांनी स्वतः करायचं. त्याला दीड तास लागतो. साडेचार वाजले होते. शीतकपाटात मागच्या आठवड्याचं द्रावण उरलं होतं… खिडकीतून खाली पाहिलं तर हा पठ्ठ्या दीड तास आधीच येऊन उभा, हातात छत्री, वर भुरभुर पाऊस.

कायोने जुनी बाटली काढली. द्रावणाचा जोर तपासायची नळी असते, कोऱ्या डीएनएची, तीही लावली नाही. सहाच्या आत ती खाली होती.

संध्याकाळ सुंदर गेली. तिचं वर्णन मी करत बसत नाही. आत्याने तिला तीनदा वाढलं आणि परतताना एका छत्रीत दोघांचेही बाहेरचे खांदे भिजले, एवढं पुरे.

ऑक्टोबरात निकाल आला. एक जागा अशी सापडली, जिथल्या खुणा पुसल्याच गेल्या नव्हत्या! सेरिझावा सर, जे एरवी "हं" च्या पलीकडे जात नाहीत, चक्क "वा!" म्हणाले. सेन्दाई शहरातल्या परिषदेत कायोचं भाषण ठरलं. फक्त एकदा पुन्हा करून बघ, ते म्हणाले.

तिने पुन्हा केलं. नव्या पेशी, ताजं द्रावण. खुणा गायब. एकही नाही.

रविवारी ती एकटी प्रयोगशाळेत आली, सप्टेंबरातला उरलेला डीएनए काढला आणि ताज्या द्रावणात ठेवला. तोही स्वच्छ कोरा निघाला. तोकुनागाच्या पेशी पहिल्या दिवसापासून चोख होत्या. शिळं होतं ते तिचं द्रावण. कायो यंत्रासमोरच्या स्टुलावर बसली आणि तिचे कान तापले. आजूबाजूला कुणी नव्हतं, तरी तिला तोंड लपवावंसं वाटलं.

सोमवारच्या बैठकीत सगळे जमले होते. सर नव्या निकालाचा आलेख बराच वेळ बघत राहिले.

"पहिल्या खेपेत शेजारच्या शरीरपेशी मिसळल्या असतील," ते म्हणाले. "त्यांच्यावर खुणा असतातच. ओगाता, तुझी बाजू तपासलीस ना?"

सांगायचं होतं हो! रात्रभर घोकलेलं वाक्य जिभेवर होतं. पण चौदा माणसं बघत होती, सेन्दाईचं भाषण डोळ्यांपुढे होतं… आणि तिची मान हलली. वर-खाली. हो.

दारापाशी बसलेला तोकुनागा उठला. कमरेत पूर्ण वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"माझी चूक आहे. सगळ्यांची मेहनत वाया घालवली. माफ करा."

सर त्याला रागावले नाहीत, माणूस मनाने चांगला आहे. एवढंच म्हणाले, की तूर्तास पेशी काढणं थांबव, पिंजरे धुण्याकडे जा, तुझ्या करारपत्राचं मार्चमध्ये बघू. करारावरच्या माणसाला याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

त्यानंतर कायो त्याला टाळू लागली. जिन्यात त्याची चाहूल लागली की ती स्वच्छतागृहात शिरायची. आरशात बघायची नाही. त्याने तिच्या टेबलावर एकदा चिठ्ठी ठेवली, 'तुमचं भाषण माझ्यामुळे गेलं, काय बोलू कळत नाही.' ती चिठ्ठी वाचून ती लाजेने चूर झाली. फाडावी म्हटलं, ते जमेना. चोर तो चोर, वर शिरजोर, ही म्हण तिच्या कानी पडली असती तर तिने ती स्वतःलाच लावून घेतली असती.

नोव्हेंबरच्या मध्याला प्रयोगांत मेलेल्या उंदरांचं स्मरण करायचा दिवस आला. दरवर्षी सगळा विभाग काळे कपडे घालून इमारतीमागच्या दगडी स्तंभासमोर उभा राहतो, एकेक पांढरं शेवंतीचं फूल ठेवतो. सगळे ठेवून गेले तरी तोकुनागा हलला नाही. कायो झाडामागे थांबली होती. तो ओठांतल्या ओठांत काय बोलतोय ते तिला ऐकू आलं.

"अडतीस गाभण आया," तो दगडाला सांगत होता. "माझ्या हातांनी फुकट घालवल्या. क्षमा करा."

तिथे मात्र कायोचा बांध फुटला.

"त्या तुम्ही नाही घालवल्या! मी घालवल्या!" आणि तिने सगळं सांगून टाकलं. जुनी बाटली, न लावलेली नळी, रविवारची चाचणी, हललेली मान. रडत, नाक पुसत, एकही गोष्ट न लपवता.

तोकुनागा स्तंभापासून तिच्याकडे वळला. त्याचा चेहरा हळूहळू पांढरा पडला.

"रविवारी कळलं होतं तुम्हाला," तो म्हणाला. "म्हणजे मी वाकलो तेव्हा ठाऊक होतं."

"हो."

"आत्याला फोन करून सांगितलं मी, की माझे हात गेले. ती रडली. मी रोज रात्री हे हात दिव्याखाली धरून बघतो, थरथरतात का म्हणून." त्याचा आवाज चढला. "सरांना सांगितलंत?"

"नाही… अजून."

"मग मला कशाला सांगताय? तुमचं मन हलकं व्हावं म्हणून? माझ्याच खांद्यावर?"

तो निघून गेला.

पुढचा सोमवार. दुसऱ्या कुणाचं तरी सादरीकरण होतं. कायो मध्येच उठली.

"मला सांगायचंय. ऑक्टोबरचा निकाल खोटा होता. पेशी चोख होत्या. मी शिळं द्रावण वापरलं, तपासणीची नळी लावली नाही, आणि तुम्ही विचारलंत तेव्हा खोटी मान हलवली. तोकुनागा-सानांची काहीही चूक नाही."

सरांनी चष्मा काढला.

"शिळं का वापरलंस? तुला पहिल्या वर्षापासून शिकवलंय मी."

"घाई होती."

"कसली?"

डोकं दुखत होतं, म्हणता आलं असतं. घरून फोन आला होता, तेही चाललं असतं. पण तिला आता एकही खोटं परवडत नव्हतं.

"खाली तोकुनागा-सान थांबले होते, पावसात. मला त्यांच्याबरोबर जायचं होतं. मला ते आवडायचे… म्हणजे, आवडतात. अजूनही. पण यात त्यांचा दोष नाही, त्यांना हे ठाऊकसुद्धा नव्हतं!"

कुणाचं तरी पेन खाली पडलं आणि घरंगळत गेलं. बैठकीची नोंद ठेवणाऱ्या हिरानोचे हात कळफलकावर तसेच अधांतरी राहिले. कायोला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

सरांनी चष्मा पुसून पुन्हा चढवला.

"हिरानो," ते शेवटी म्हणाले, "नोंदीत द्रावणापर्यंतच लिही."

मग ते उठले, दाराकडे वळले आणि तोकुनागासमोर वाकले. साठीचा माणूस, सगळ्यांदेखत. "मीही न तपासता मानलं. उद्यापासून पेशींचं काम पुन्हा तुझ्याकडे. करारपत्राचं मी आजच बोलतो." कायोकडे बघून एवढंच म्हणाले, की सेन्दाईला नकार कळव, आणि पदवी एक वर्ष पुढे गेली असं धर. तिने मान खाली घालून "हो" म्हटलं. या वेळचा 'हो' खरा होता.

संध्याकाळी ती बाहेर पडली तेव्हा तो फाटकापाशी सायकल धरून उभा होता. तिला वाटलं मान खाली घालून निघून जावं. त्यानेच हाक मारली.

"ओगाता-सान. मला अजून राग आहे."

"ठाऊक आहे."

"खूप आहे. आणि चौदा माणसांसमोर असलं काही बोलायचं असतं का हो? हिरानो मला दिवसभर जावईबापू म्हणतोय."

"माफ करा," ती म्हणाली, आणि या वेळी ती वाकली तेव्हा डोळ्यांतलं पाणी सरळ रस्त्यावर पडलं. "माफ कराल?"

"नाही. आज नाही."

तिने मान डोलावली.

"उद्या विचारा," तो म्हणाला. "परवा विचारा. रोज विचारत राहा. ज्या दिवशी राग संपेल, त्या दिवशी सांगेन."

कायोने दचकून वर पाहिलं. त्याचे कान लालभडक झाले होते.

"आणि… मग? त्यानंतर?"

"त्यानंतर तुम्हाला दुसरं काहीतरी विचारावं लागेल," तोकुनागा सायकलच्या घंटीकडे बघत म्हणाला. "त्याचं उत्तर माझ्याकडे मे महिन्यापासून तयार आहे."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिने विचारलं. "नाही," तो म्हणाला, आणि सायकल हातात धरून तिच्या घरापर्यंत चालत आला.