काठोकाठ

"हा चहा आहे की चूल?" पहिला घोट घेताच तरुणाने तोंड वाकडं केलं.

बाहेर दाट धुकं होतं, आणि वाट चुकून तो मुयूनच्या चहाच्या दुकानात शिरला होता. यीफान त्याचं नाव. थुंगमू गावात चहाची पानं वळायचं यंत्र दुरुस्त करायला हांगचौहून आलेला, जन्मभर हिरवा चहा प्यालेला. मुयूनला असा राग आला! पाइनच्या धुरात डोळे चुरचुरेपर्यंत बसून तिने स्वतः हा काळा चहा वाळवला होता.

"चूल पहिल्या घोटातच असते, पाहुणे. जरा दम धरा," ती फणकारली.

त्याने दम धरला. तिने त्याच पानांवर दुसरं पाणी ओतून पेला पुन्हा भरला.

"अं... धुरामागे काहीतरी गोड आहे. सुकवलेलं लोंगनचं फळ?"

"जीभ अगदीच वाया गेलेली नाही म्हणायची!"

मग तो रोज संध्याकाळी येऊ लागला. कधी त्याला चवीत मध सापडे, कधी संत्र्याची साल. यंत्र केव्हाच नीट झालं होतं, तरी त्याला कसला ना कसला खडखडाट ऐकू यायचाच. आणि मुयूनला दाराकडे बघत बसायची खोड जडली.

एका संध्याकाळी तो बॅग घेऊनच आला.

"बस येईल आता. निघण्याआधी एक पेला मिळेल, मालकीणबाई?"

आज गेला की संपलं. पुढचं काम दुसऱ्याच प्रांतात. 'राहा' म्हणावं का? कसं म्हणावं? त्याच्याकडे बघता बघता तिने चहा ओतला... पार काठोकाठ.

यीफानचा चेहरा उतरला. इकडे पाहुण्याचा पेला कोणी पूर्ण भरत नाही. भरलाच, तर त्याचा अर्थ एकच — उठा आता. त्याने दोन बोटं टेबलावर हलकेच वाजवून आभार मानले आणि बॅग उचलली.

"कळलं मला... येतो."

"अहो — तसं नाही!"

"मग कसं?"

बाहेर बसचा हॉर्न वाजला. मुयूनने त्याचा पेला ओढला, एक कढत घोट घेतला आणि थोडा रिकामा झालेला पेला पुन्हा त्याच्यापुढे ठेवला. तिची जीभ पोळली होती, डोळ्यांत पाणी आलं होतं.

"हात चुकला माझा. तुमच्याकडे बघत होते... आवडता तुम्ही मला. बसा ना."

यीफानने बॅग खाली ठेवली. तिचे ओठ जिथे टेकले होते, तिथूनच तो सावकाश चहा प्याला.

"बस गेली," तो हळूच म्हणाला.

"जाऊ दे," म्हणत तिने त्याचा हात घट्ट धरला.