राजाचा आवाज

हसा, हसा. भुताची गोष्ट म्हटलं की तुम्हां पोरांना हसू येतं. दिवसभर कानाला ती यंत्रं लावून मेलेल्या नटांचे आवाज साफ करता, तेव्हा नाही भीती वाटत, आणि एका म्हाताऱ्यानं तोंड उघडलं की दात काढता! बरं, दार तेवढं ओढून घ्या. ही कुठली उडती गोष्ट नाही. लुदोविकोला मी चांगला ओळखत होतो, आणि मला हे सांगितलं पोंपेओनं, त्या रात्री यंत्रावर तोच होता. तो गडी थापा मारणारा नव्हता.

एकसष्ट सालची गोष्ट. सान मार्तीनोच्या सणाची आदली रात्र, शुक्रवार. त्या सणाला नवी वाइन फोडतात आणि चेस्टनट भाजतात, तर लुदोविकोच्या बायकोनं, इरिदेनं, त्याला तेवढ्यासाठीच बाहेर पाठवलेलं. "लवकर ये, नाहीतर तुझ्या वाटणीचं शेजाऱ्यांना घालीन," म्हणाली. तो हसून निघाला. म्हणाला, "जाता जाता एक राजा मारून येतो."

राजा मारायचा म्हणजे डबिंग करायचं होतं. तेव्हा इकडे रोममध्ये प्राचीन काळच्या सिनेमांचा सुकाळ होता. शहराबाहेरच्या माळावर प्लास्टरची देवळं उभी राहायची, दुपारी सैनिकांचे वेश घातलेली माणसं त्यांच्या सावलीत बसून पाव खायची. शूटिंगला आवाजाची पर्वाच नसे, तो मागाहून भरायचा. त्यामुळे नट तोंडाला येईल ते बोलायचे. कुणी आकडे मोजायचं. एक सेनापती तर तलवार उपसून, दातओठ खाऊन, फुटबॉल संघातल्या खेळाडूंची नावं घ्यायचा. पडद्यावर तेच आग ओकणारं भाषण व्हायचं! कच्चा आवाज टेपच्या एका पट्टीवर घेतलेला असे, फक्त अंदाजाला. काम झालं की ती पट्टी पुसून पुन्हा वापरायची.

या सिनेमात म्हातारा राजा झाला होता एवारिस्तो. भारदस्त बांध्याचा, गरुडासारख्या नाकाचा माणूस. पण होता उत्तरेकडच्या कियोज्जा बंदरातल्या कोळ्याचा पोर. आवाज बारीक, त्यात तिकडचे हेल. तो बोलला की लोक फसकन हसायचे. म्हणून पहिल्या सिनेमापासून त्याच्या तोंडी आवाज होता तो लुदोविकोचा. जड, खोल, विहिरीतून आल्यासारखा. चेहरा एकाचा, आवाज दुसऱ्याचा, आणि लोकांच्या लेखी माणूस एकच.

एकदा पाववाली बाई एवारिस्तोला तोंडावर म्हणाली, "तुम्ही नुसते उभे राहा हो. बोललात की सगळी मजा जाते." तोही हसला. पण ते त्याच्या जिव्हारी लागलं होतं, हे त्याची बायको झाइरा जाणून होती.

या शेवटच्या सिनेमात त्यानं काय केलं माहितेय? राजाच्या मरणाचा प्रसंग होता. शहर जळतंय, राजा राखेत पडलाय. बाकीचे आकडे मोजत होते. एवारिस्तो मात्र आपली वाक्यं खरीखुरी बोलला. स्वतःच्या आवाजात, हेलांसकट. "या शहराचा निरोप मला माझ्या तोंडानं घेऊ द्या." कुणी हसलं नाही म्हणे. दिव्यावरचा माणूस डोळे पुसत होता.

पुढच्याच महिन्यात एवारिस्तो इस्पितळात पडला. लुदोविको भेटायला गेला. म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला. "विको, एवढा एक प्रसंग माझ्या आवाजात राहू दे. तू सांगितलंस तर दिग्दर्शक ऐकेल. सांगशील?"

"सांगतो," लुदोविको म्हणाला.

"शपथ?"

"अरे सांगतो म्हटलं ना."

एवारिस्तो गेला. आणि लुदोविकोनं कुणालाही काही सांगितलं नाही. का? अरे, का म्हणजे काय! हाव. असं मरण नटाच्या वाट्याला जन्मात एकदा येतं. ते वाक्य त्याला स्वतःला बोलायचं होतं. माणूस वाईट नव्हता. पण मोह कुणाला सुटलाय?

तर त्या रात्री तो स्टुडिओत पोचला तेव्हा पोंपेओ एकटाच यंत्रापाशी होता. आवाजाचा सगळा कारभार त्याच्याकडे. चेस्टनट बघून म्हणाला, "उस्ताद, आमचा वाटा?"

"आधी काम. मग वाटा."

"आज शुक्रवार. पट्ट्या पुसायच्यात. या राजाची कच्ची पट्टी ठेवू की पुसू?"

त्या पट्टीवर एवारिस्तो होता. जगात दुसरीकडे कुठेही तो आवाज उरलेला नव्हता. लुदोविकोनं कोट काढला, खुंटीला लावला.

"पूस," म्हणाला.

पोंपेओनं त्याच्यादेखत पुसली.

मग काम सुरू झालं. तेव्हाची पद्धत अशी की एका प्रसंगाची फिल्म कापायची आणि तिची दोन टोकं जोडायची. मग तोच तुकडा पडद्यावर गरगर फिरत राहतो, आवाज ओठांवर चपखल बसेपर्यंत. लुदोविको काचेच्या अलीकडे, माइकसमोर. पोंपेओ पलीकडे. दिवे मालवले. पडद्यावर राख, धूर, आणि एवारिस्तोचा चेहरा.

लुदोविकोनं वाक्य टाकलं. सुंदर टाकलं.

"उस्ताद, थोडे आधी सुटलात," पोंपेओ म्हणाला.

"मी?" लुदोविको हसला. "मी कधी चुकलोय का रे?"

तुकडा फिरून आला. पुन्हा वाक्य. या वेळी लुदोविको ओठांकडेच बघत होता. राजाचे ओठ हललेच नाहीत. त्याचं वाक्य संपलं. मग ते हलले. सावकाश.

"फिल्म सरकतेय तुझी," तो चिडून म्हणाला.

"नाही उस्ताद. बघितली मी..."

"मग परत बघ!"

तिसरी फेरी. राजाचे ओठ घट्ट मिटलेले. आणि डोळे... प्रसंगात राजा डावीकडे बघत असतो, आगीकडे. लुदोविकोनं तो तुकडा डोळ्यांत तेल घालून पाहिला होता. आता राजा डावीकडे बघत नव्हता.

समोर बघत होता. माइककडे.

काचेपलीकडे पोंपेओ उठून उभा राहिला होता. त्याचा हात यंत्राच्या लोखंडी कडेवर होता. अपशकुन टळावा म्हणून आपण लोखंडाला हात लावतो ना, तसा. त्यानं तो काढलाच नाही.

चौथी फेरी. लुदोविको गप्प राहिला. ओठ हलले. आवाज नाही... पण ज्यानं उभा जन्म दुसऱ्यांचे ओठ वाचण्यात घालवला, त्याला आवाज कशाला लागतो?

*सांगितलंस का?*

तुकडा फिरला.

*सांगितलंस का, विको?*

लुदोविकोनं शेजारचं स्टूल धरलं. खोटं बोलावं असं वाटलं असेल त्याला. पण बोलवेना.

"नाही," तो म्हणाला.

राजानं डोळे मिटले. तुकडा फिरला. राख. धूर. चेहरा.

*मग मी सांगतो.*

...घसा गार पडला. आतून. कुणी तरी आत बोट फिरवावं तसं. लुदोविकोला ओरडायचं होतं. तोंड उघडलं. त्यानं उघडलं नव्हतं.

"या शहराचा निरोप मला माझ्या तोंडानं घेऊ द्या."

बारीक आवाज. कियोज्जाचे हेल.

फिल्म तुटली. पडदा पांढरा.

मग पोंपेओनं, काय वाटलं कोण जाणे, नव्यानं घेतलेला आवाज लावून पाहिला. एवारिस्तोच होता तो. लख्ख.

"उस्ताद, पट्टी तर मी तुमच्यादेखत पुसली," पोंपेओ रडवेला झाला होता. "तुम्हीच काढलात ना हा आवाज? नक्कल केलीत ना? सांगा की हो!"

लुदोविको तडक बाहेर बोळात गेला. तिथं टेलिफोन होता. झाइरापाशी सगळं कबूल करायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. नंबर फिरवला. पोंपेओ दारात उभा.

पलीकडे फोन उचलला गेला.

"वहिनी," लुदोविको म्हणाला, "मी..."

आणि थांबला. कारण तो आवाज त्याचा नव्हता.

पलीकडून झाइरा अगदी हळू म्हणाली,

"एवारिस्तो?... किती उशीर केलास रे. जेवलास का?"

पोंपेओ म्हणायचा, उस्तादांनी भिंतीला डोकं टेकलं. काय सांगणार त्या बाईला? मी तुझ्या नवऱ्याचा चोर आहे म्हणून?

"हो," तो म्हणाला. "जेवलो."

सिनेमा लागला, गाजला. राजाच्या मरणाला थिएटरं रडली, आणि तो बारीक आवाज कुणाचा हे कुणी विचारलंच नाही. लुदोविको पुन्हा माइकसमोर उभा राहिला नाही. त्याचा आवाज परत आलाच नाही. तो रोज संध्याकाळी झाइराला फोन करायचा. थंडी आहे का, गुडघा दुखतो का, असलंच काहीतरी बोलायचा. तिला काय कळलं होतं, काय नव्हतं, देव जाणे. ती सुखात होती. इरिदेशी मात्र घरात तो खाणाखुणांनी बोले. परक्या पुरुषाच्या आवाजात बायकोला हाक कशी मारायची? ती रात्री रडायची. म्हणायची, भांड माझ्याशी, शिव्या दे, पण तुझ्या आवाजात.

झाइरा गेली ती बऱ्याच वर्षांनी, एका मार्चमध्ये. तिचं दफन करून दोघं नवराबायको घरी आले. संध्याकाळ झाली. लुदोविको उठला आणि सवयीनं नंबर फिरवला. इरिदेला बघवेना, फोन काढून घ्यायला ती जवळ गेली.

झाइराचं घर बंद होतं. किल्ली त्याच्याच खिशात होती. पलीकडे घंटा वाजत राहिली... वाजत राहिली...

कुणी तरी फोन उचलला.

इरिदेनं ऐकलं. शपथेवर सांगायची ती. जड, खोल, विहिरीतून आल्यासारखा. इतक्या वर्षांनी ऐकला, तरी नवऱ्याचा आवाज बायको ओळखणार नाही होय?

"झाइरा इथं नाही," तो म्हणाला. "आता फोन करू नकोस, विको."