होडीचा वाटा

समीक्षाच्या कामाबद्दल शेजाऱ्यांचा समज असा, की ती दिवसभर काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं बघत बसते आणि त्याचा पगार घेते. समज अगदीच खोटा नव्हता. पुण्यातल्या एका संशोधन गटासाठी ती रत्नागिरीतल्या आपल्या घरातून मेंदूचे एमआरआय मोजायची. काळ्या खिडकीत एका ओळीची आज्ञा टाइप करायची, एन्टर दाबायचं, की संगणक पंखा घरघरवत मेंदूचे भाग वेगळे करत बसायचा. प्रत्येक भागाला वेगळा रंग, प्रत्येकाचं आकारमान. तीच फाइल पुन्हा चालवली तर आकडा पुन्हा तोच. तिची देवावर नसेल एवढी श्रद्धा या एका गोष्टीवर होती.

आई तुळसा पूर्णगडची. हयातभर मासळी विकलेली बाई. नवरा गेल्यावर ती एकेक गोष्ट विसरायला लागली, म्हणून समीक्षानं तिला इकडे आणलं. आता ती रोज सकाळी लेकीलाच विचारायची, "तू कुनाची गो?"

"तुझीच," समीक्षा हसून सांगायची आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसायची.

बाबा, धाकू तांडेल, इस्पितळात वारले तेव्हा त्यांच्याजवळ एकटी समीक्षा होती. आई पेज आणायला घरी गेली होती. कित्येक दिवस पोटात कण न गेलेला तो माणूस हळूच म्हणाला, "आयेस सांग, मी जेवलंय." एवढंच. आईनं नंतर कितीदा विचारलं, "जाताना काय म्हनाले गो?" पण पेजेला उशीर झाला म्हणून ती जन्मभर स्वतःला कोसेल, या भीतीनं समीक्षानं ते वाक्य जपून ठेवलं. पुढे कधीतरी सांगू म्हणता म्हणता, आई विचारायचंच विसरली.

डॉक्टरांनी आईचा एमआरआय करायला सांगितला. समीक्षानं त्याची प्रत घरी आणली. आठवणी सांभाळणारा, समुद्रघोड्याच्या आकाराचा तो भाग किती आक्रसलाय ते तिला स्वतः मोजायचं होतं.

"काय करतंस?" शेजारी बसलेल्या आईनं विचारलं.

"मेंदूचे वाटे घालतेय."

वाटे म्हटल्यावर आईचे डोळे एकदम जागे झाले. "व्हडीचा वाटा आदी बाजूला काडलास काय?"

मासळी किनाऱ्याला लागली की पहिला वाटा होडीचा. मग जाळ्याचा, मग माणसांचा. समीक्षाला हसू आलं. संगणकाची चाचणी म्हणून पूर्वी कधीतरी काढलेला तिचा स्वतःचा एमआरआय तिच्याकडे होता. आईची गंमत म्हणून तिनं आज्ञेत आधी ती फाइल घातली, मग आईची.

"हा बघ, काढला."

आईनं समाधानानं मान हलवली.

आईचा आकडा अपेक्षेइतकाच वाईट आला. समीक्षाचं मन मानेना, म्हणून तिनं तीच आज्ञा पुन्हा दिली. या वेळी आईचा आकडा किंचित वाढला होता. फाइल तीच, आज्ञा तीच. संध्याकाळी आई म्हणाली, "समे, दिवा लाव गो."

समीक्षाच्या हातातून काडेपेटीच पडली. तिला त्या नावानं हाक येऊन वर्ष उलटलं होतं.

तिनं पुण्याच्या विनीतला, गटातल्या सहकाऱ्याला, आईची फाइल पाठवली. त्याचा फोन आला. "इथे तर पहिलाच आकडा येतोय. कितीही वेळा चालवली तरी. तू काही वेगळं करतेयस का?"

"नाही," ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिनं आजवर न पाहिलेली गोष्ट पाहिली. तिचा स्वतःचा आकडा. आईचा जेवढा वाढत होता, तेवढाच तो उतरत होता.

तेवढ्यात आतून आईचा आवाज आला. ती भिंतीवरच्या बाबांच्या फोटोशी बोलत होती, नाव घेऊन, लाजत. समीक्षाला आनंदानं रडू आलं. ज्यानं कुणी हे दिलं त्याला तिनं मनापासून हात जोडले आणि एन्टर दाबलं.

ती रोज तीच आज्ञा देऊ लागली. दिवस चांगले आले. आई बाजारात जाऊन बांगडे निवडू लागली, घासाघीस करू लागली. समीक्षाला मात्र कॉलेजातल्या मैत्रिणींची नावं सुचेनात. मग घराची किल्ली कुठल्या कुलपाची ते उमजेना. एकदा घाबरून तिनं आज्ञेतून आपली फाइल काढायला घेतली.

"ऱ्हाऊ दे गो," मागून आई म्हणाली. ती कधी येऊन उभी राहिली होती, कळलं नाही. "एकदा काडलेला वाटा परत पाटीत घालीत नाय."

समीक्षानं हात मागे घेतला.

एका दुपारी दोघी पडवीत बसल्या होत्या. भाट्याच्या खाडीवरून वारा येत होता. आई कोलंबी सोलत होती.

"तुजे बाबा गेले ना," ती म्हणाली, "तवा मी जवळ व्हते."

"हो?"

"हात धरलेला मी त्यांचा. उशीवर मान कलती केली नि हळूच म्हनाले, 'आयेस सांग, मी जेवलंय.'"

समीक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. इतकं साधं, इतकं मायेचं बोलणं तिनं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"मी कुठे होते गं तेव्हा?"

आईनं कोलंबीचं सालपट टाकलं.

"तू? तू पेज आनायला घरी गेली व्हतीस."

समीक्षानं आठवून पाहिलं. खरंच की. रिक्षा, खड्डे, मांडीवर धरलेला गरम डबा.

"बरं झालं आये," ती आईचा हात घट्ट धरून म्हणाली, "निदान तू तरी होतीस."

तिच्या मांडीला अजून त्या डब्याचा चटका जाणवत होता.