समोरच्या संघाचा माणूस

बोरी अरबच्या अलीकडे एसटी बंद पडली, तेव्हा रंजिता राठोडला आधी राग आला ड्रायव्हरचा, आणि थोड्या वेळाने एका मोटारसायकलवाल्याचा.

दिग्रसच्या कॉलेजातल्या मुलींचा फुटबॉल संघ घेऊन ती यवतमाळला निघाली होती. मुख्य प्रशिक्षक देवराव सर आदल्या दिवशीच पुढे गेले होते. रंजिता त्यांची सहायक. गाडीचं काम चालू होतं तोवर मुलींनी रस्त्याकडेच्या रिकाम्या वावरात बॉल काढला. थंडीचे दिवस, तुरीला शेंगा आलेल्या, ऊन कोवळं. कुणीतरी जोरात लाथ मारली आणि बॉल थेट डांबरी रस्त्यावर गेला. समोरून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याने गाडी थांबवली, खाली न उतरता एक पाय लांब केला, बॉल तळव्याखाली दाबला... आणि तसाच बसून राहिला.

"द्या ना इकडे," रंजिता म्हणाली.

"देतो. पण तुमची ती डाव्या बाजूची पोरगी हाय ना, लांब वेणीची... बॉल पायात आल्यावर पाह्यते कुठं द्यायचा ते. आधी पाह्यलं पाह्यजे."

हेच रंजिता उर्वशीला दोन वर्षांपासून सांगत होती. म्हणूनच जास्त झोंबलं.

"तुम्ही शिकवता का कोणाले फुटबॉल?"

"पांढरकवड्याच्या पोरींले. मी अश्वजित मुनेश्वर. उद्या आमच्याशीच मॅच हाय तुमची. आज आईले भेटायले गावात चाललो."

"मंग समोरच्या संघाले सल्ला कायले देता?"

त्याने पायाखालच्या बॉलकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "बोलणं थांबलं तर हा द्यावा लागीन ना..."

रंजिताने मान वळवली. हसू आलेलं त्याला दिसू नये म्हणून. पण मुलींना दिसलं, आणि यवतमाळ येईपर्यंत मागच्या सीटवर कुजबुज चालू राहिली.

दुसऱ्या दिवशी पांढरकवडा एका गोलने जिंकलं. सामना संपल्यावर तो दोन कप चहा घेऊन आला. जिंकल्याचं एक अक्षर बोलला नाही. "तुमची मधली फळी आमच्यापेक्षा चांगली हाय," एवढंच म्हणाला. चहात साखर जास्त होती. रंजिताने शेवटच्या घोटापर्यंत पिऊन टाकला.

तिथून फोन सुरू झाले. प्रेमाचं बोलणं दोघांनाही जमत नव्हतं. ते ऑफसाइडबद्दल बोलायचे. तो म्हणायचा, मागची ओळ एकदम वर आण. ती म्हणायची, माझ्या पोरी घाबरतात. तो म्हणायचा, तू नाही घाबरत ना... तुम्हीचं तू कधी झालं ते तिला नीट आठवतही नव्हतं. यवतमाळला काही काम निघालं की दोघंही बसस्टँडजवळच्या टपरीवर थांबायचे. रंजिताला यवतमाळला इतकी कामं पूर्वी कधी नसायची.

"तुझ्या संघात ते पिवळे मोजे कोणी आणले?" त्याने एकदा विचारलं.

"मी. काहून?"

"दुरून दिसतात. तू कुठं उभी राह्यते ते समजते मले."

"मोजे पोरींच्या पायात हायत, माझ्या नाही."

"तू त्यांच्या मागंच पळत राह्यते ना."

तिने बशीत चहा ओतला आणि फुंकर मारत राहिली, चहा निवला होता तरी.

त्याच हिवाळ्यात नागपूरची जागा निघाली. मुलींसाठी नवी फुटबॉल अकादमी, एक मुख्य प्रशिक्षक, राहायची सोय, पावसाळ्यातही चिखल होत नाही असं मैदान. रंजिताने अर्ज केला आणि कुणालाच सांगितलं नाही. देवराव सरांना सांगायची तर हिंमतच झाली नाही. ती दहावीत असताना तांड्यावर तिच्या लग्नाची बोलणी चालू होती. तेव्हा सरांनी तिला शाळेच्या मैदानात गाठून विचारलं होतं, "तुले खेळायचं हाय का?" ती हो म्हणाल्यावर ते तिच्या वडिलांकडे, नेमसिंगकडे गेले, आणि नेमसिंग तयार होईपर्यंत अंगणातून उठले नाहीत. अशा माणसाला कोणत्या तोंडाने सांगायचं, की मी चालले?

अश्वजितलाही सांगितलं नाही. झालं तर सांगू, असं तिने मनाशी ठरवलं.

मुलाखतीच्या दिवशी नागपूरच्या त्या इमारतीत ती जिना चढून वर गेली, तर बाकावर कडक इस्त्रीचा शर्ट घालून अश्वजित बसला होता.

दोघं एकमेकांकडे पाहत राहिले. आधी त्यालाच हसू आलं.

"यवतमाळले काम होतं ना तुले आज?"

"आणि तुझ्या पोरींची प्रॅक्टिस होती."

"सांगायचं होतं... पण वाटलं, नाही झालं तर हसशील."

"मी कधी हसली तुले?"

"रोज हसते. म्हणून तर फोन करतो."

तेवढ्यात तिचं नाव पुकारलं गेलं. ती आत जाताना त्याने हळूच म्हटलं, "चांगलं बोल." ते त्याने मनापासून म्हटलं होतं, आणि ते तिला कळलं.

आत सगळं छान चाललं होतं. शेवटी मधल्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं, "तुमच्या संघातल्या दोन चांगल्या मुली सोबत आणाल का? आम्हाला लगेच संघ उभा करायचाय."

विद्यापीठाचा अंतिम सामना तोंडावर होता, तोही पांढरकवड्याशीच. देवराव सर जूनमध्ये निवृत्त होणार होते. तो चषक त्यांना एकदा हातात घ्यायचा होता. रंजिता म्हणाली, "मी येईन. मुलींना नाही आणणार." बाईंनी मान हलवली. त्या मान हलवण्यातच तिला कळलं की जागा गेली.

नंतर रस्त्यापलीकडच्या हॉटेलात अश्वजित समोर बसला, तेव्हा त्याच्याकडे पाहूनच तिला समजलं की त्याचं काम झालं.

"तुले विचारलं का मुलींचं?" तिने विचारलं.

"विचारलं."

"मंग?"

"हो म्हटलं मी."

तिने हातातला कप खाली ठेवला.

"माझ्या गोलकीपर पोरीचा बाप, फुलचंद, धाब्यावर ट्रक धुते," तो म्हणाला. "तिले पांढरकवड्यात राहून काय भेटणार हाय, रंजिता?"

"आणि तुले जागा भेटणार हाय. ते नाही सांगितलं."

बाहेर रिक्षावाले भांडत होते. "हो," तो शेवटी म्हणाला. "तेही हाय."

त्याने खोटं सांगितलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं. रागावून मोकळं होता आलं असतं. ती उठली आणि एकटीच बसस्टँडवर गेली. त्याचे फोन येत राहिले. तिने घेतले नाहीत. रोज संध्याकाळी मात्र फोन वाजायच्या वेळेला ती तो हातातच घेऊन बसायची.

जागा अश्वजितला मिळाली. बातमी फिरत फिरत देवराव सरांपर्यंत आली, आणि रंजिताही तिथे गेली होती, बाईंनी मागितलेल्या दोन मुली आणायला नाही म्हणाली, हेही आलं. एका सकाळी सरावाआधी त्यांनी मुलींना गोल उभं केलं.

"या तुमच्या मॅडमनं नागपूरची जागा घालवली," ते म्हणाले, "पण तुमच्यातल्या एकीलेही तोडून नेलं नाही."

मुलींनी टाळ्या वाजवल्या. रंजिताचे कान तापले. तिला जरा अभिमानही वाटला. उर्वशीने टाळी वाजवली नाही.

सराव संपल्यावर जाळीत बॉल भरताना उर्वशी जवळ आली. "मॅडम, त्या बाईंनी दोन पोरी मागतल्या होत्या?"

"हो."

"त्यात मी असती?"

"पहिली तूच."

उर्वशी जाळीची गाठ मारत राहिली. "मंग मले काहून नाही विचारलं?"



"मी गेली असती, मॅडम," उर्वशी हळूच म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. जाळी खांद्यावर टाकून ती निघून गेली.

रंजिता मैदानात उभीच राहिली. आपण पोरींची बाजू घेतली असं समजून ती इतके दिवस अश्वजितवर रागावली होती. पण पोरीला विचारलं त्यानेही नव्हतं, तिनेही नव्हतं. एकाने हो म्हटलं, एकीने नाही, फरक एवढाच. आणि अंगणात बसलेल्या सरांनी आधी आपल्याला विचारलं होतं, हे नेमकं तीच विसरली होती.

ती सरांच्या खोलीत गेली. "सर, मी तुम्हांले न सांगता अर्ज केला."

देवराव सर शिट्टीची दोरी बदलत होते. "माहीत हाय."

"वाईट वाटलं असन."

"वाटलं ना. तू गेली असती तर चार दिवस बोललो नसतो मी. मंग मीच फोन करून विचारलं असतं, डाव्या बाजूले कोणाले खेळवू म्हणून." त्यांनी दोरी ओढून पाहिली. "पोरीले जायचं असन तर जाऊ दे. फायनल तेवढी खेळून जा म्हणा."

दुसऱ्याच दिवशी रंजिता यवतमाळला गाडी बदलून पांढरकवड्याला पोचली. कॉलेजच्या मैदानावर अश्वजित चुन्याने रेषा मारत होता. तिला पाहून त्याची रेषा वाकडी गेली.

"आलीस..."

"उर्वशीसाठी आली."

"बरं."

"विचारलं मी तिले. तिले यायचं हाय तुझ्यासोबत. फायनल झाल्यावर. तिले नीट पाह्य. ती हारली की जेवत नाही. तेव्हा बोलायचं नाही तिच्याशी, नुसतं शेजारी बसायचं."

"बसीन." त्याने चुन्याचं घमेलं खाली ठेवलं, हात पँटला पुसले. "मीही पोरींले विचारलं, रंजिता. तू गेल्यावर. गोलकी हो म्हणाली. शीला म्हणाली, मले नाही जायचं, सर, तुमच्यासाठी मी कायले जाऊ? नागपूरच्या बाईंले सांगितलं मी, एकच येते, तीही फायनल झाल्यावर. जागा जाते का राह्यते, दोन दिवस मलेच माहीत नव्हतं."

"मंग?"

"कुरकुरल्या. पण राह्यली जागा." तो म्हणाला, "तू म्हटलं ते बरोबर होतं. आधी मी माझं पाह्यलं."

"मी पण माझंच पाह्यलं," रंजिता म्हणाली. "मले चांगलं म्हणवून घ्यायचं होतं."

चुन्याचा पांढरा हात त्याने पुढे केला, मग पाहून मागे घेतला. तिनेच तो धरला. तिच्या ओढणीला चुना लागला. परतीच्या गाडीत तिने तो झटकला नाही.

अंतिम सामन्याच्या दिवशी यवतमाळला अवकाळी पावसाची भुरभुर चालू होती. मैदानाच्या एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला तो. दोघं घसा सुकेपर्यंत आपापल्या मुलींना ओरडत होते, आणि एकमेकांकडे पाहायला कुणालाच सवड नव्हती. उर्वशीचा फटका पांढरकवड्याच्या गोलकीने झेप घेऊन अडवला. पण बॉल हातातून निसटला, आणि दिग्रसच्या एका बुटक्या पोरीने तो गुडघ्यानेच आत ढकलला. देवराव सरांनी चषक घेतला तेव्हा त्यांच्या चष्म्यावर पाणी होतं. पावसाचंच, असं ते म्हणाले.

मंडप रिकामा झाला. ओल्या खुर्च्यांमध्ये अश्वजित तिच्याजवळ येऊन उभा राहिला.

"हारवलं तू मले."

"सवय करून घे."

"मी नागपूरले जातो. तू सोबत चल, असं नाही म्हणत."

"काहून नाही म्हणत?"

"सर गेले की जूनपासून संघ तुझा हाय. तो सोडून माझ्यामागं ये म्हटलं तर तूच मले हाकलून देशीन." तो केसांतलं पाणी निपटत राहिला. "पण लग्न कर, असं म्हणतो. कुठं राह्यचं ते मले अजून समजलं नाही. तुझ्याशिवाय कुठंच नाही राह्यचं, एवढं समजलं."

ती ओल्या जाळीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माझ्या बापाले विचारावं लागीन."

"विचारतो. पण आधी तुले विचारून राह्यलो."

"हो," ती म्हणाली. इतक्या हळू, की त्याने दुसऱ्यांदा विचारलं. आणि तिने दुसऱ्यांदा सांगितलं.

रविवारी तो तांड्यावर आला. नेमसिंगने खाटेवर बसवून घेतलं, गाव विचारलं, घर विचारलं. आपल्यातला नाही, हे त्याला आधीच माहीत होतं. ते त्याने मध्ये दोनदा बोलूनही दाखवलं. रंजिताची आई भुरीबाई चुलीपाशी भाकर थापत होती. रंजिता दाराआड उभी होती.

"नोकरी तुमची नागपूरले," नेमसिंग म्हणाला, "हिची दिग्रसले. चूल कुठं पेटन?"

"जिथं दोघं असू तिथं, काका. रोज नाही पेटणार. पण पेटली की मी भाकरी करीन. मले येतात."

दाराकडे वळून नेमसिंगने विचारलं, "तुले काय वाटते?"

"मले चालते, बापू," रंजिता म्हणाली.

नेमसिंग खाटेची दोरी बोटाने चाचपत राहिला. मग चुलीकडे पाहून म्हणाला, "एक ताट जास्त वाढ. आणि याले बसव चुलीपाशी. पाहू तर खरं, भाकर कशी थापते."

अश्वजितने बाह्या वर केल्या. भुरीबाई हसत सरकून बसली. त्याची पहिली भाकर तव्यावर टाकताना दुमडली. रंजिता त्याच्या शेजारी येऊन बसली, आणि तिने ती उलथण्याने हळूच सरळ केली.