कोरड्या भिंती

खोटं वाटत असेल तर इथेच थांबा. तुमची समजूत काढायला मला वेळ नाही. माझा नवरा अमोल दवाखान्यात आहे आणि हे मी त्याच्या खाटेशेजारी बसून लिहितेय.

यंदाचाच पावसाळा. नाशिक, पाथर्डी फाट्याच्या पुढे आमचं रो-हाऊस.

जागा पूर्वी मळ्याची. पाऊस लागला की जमिनीतलं पाणी घराच्या पायातून वर चढायचं. भिंतींना ओल, कपाटात बुरशी, गाद्यांना कुबट वास. मी वैतागले होते.

म्हणून मे महिन्यात घराभोवती चर खणला. त्यात भोकं पाडलेला पाइप आणि त्यावर खडी. पाणी पाइपातून मागच्या खड्ड्यात जमणार, तिथून पंप ते बाहेर फेकणार.

खणायला पेठ तालुक्यातला मजूर झिपरू होता. मागच्या कोपऱ्यात, बुजवलेल्या विहिरीपाशी, त्याची कुदळ थांबली.

शेंदूर लागलेले दगड... सात.

"दादा, साती आसरा हायेत या. पान्याच्या बाया. यांना वर मांडा, ओटी भरा."

खडी कमी पडली होती. आभाळ भरून आलं होतं. अमोल आधीच चिडलेला.

"दगड तो दगड. टाक चरात."

झिपरूने कुदळ ठेवली, हात धुतले आणि तो निघून गेला. दगड अमोलने स्वतः टाकले.

जुलैत धो धो पाऊस झाला. भिंती मात्र खडखडीत कोरड्या. शेजारच्या लताबाई मुद्दाम बघून गेल्या. मी खूश होते.

मग लक्षात आलं... पंप एकदाही सुरू झाला नव्हता.

खड्ड्यात थेंब नव्हता.

मग पाणी जात कुठे होतं?

भर दुपारी मी खड्ड्याचं झाकण उचललं. पाइपाच्या तोंडातून आवाज आला...

बांगड्यांचा. बऱ्याच हातांतल्या.

मी झाकण टाकलं. आवाज थांबला, आणि घरातून अमोलचा खोकला ऐकू आला.

त्या दिवसापासून त्याला धाप लागायला लागली. डॉक्टर म्हणाले, छातीत पाणी झालंय. बरगड्यांमधून नळी घातली. बाटली भरली. रिकामी केली, पुन्हा भरली. रिपोर्टमध्ये काहीच निघत नाही. डॉक्टर आता माझ्या नजरेला नजर देत नाहीत.

पाणी गढूळ येतं. त्याला विहिरीच्या तळाचा वास आहे.

मी पेठला जाऊन झिपरूच्या पाया पडले. त्याने येऊन अख्खा चर उकरला, खडी हाताने चाळली. मी दगड वर मांडले. हिरव्या बांगड्या, खण, नारळ, सगळं केलं.

दगड सहाच निघाले.

"सातवी कुठंय?"

झिपरूने हातातली खडी खाली टाकली. "जिनं दादाला धरलंय, ती नाय यायची, ताई."

मला त्या आसरांचा संताप येतो. चूक झाली, मान्य. पण दगडाच्या बदल्यात माणूस?

आज मुसळधार लागलाय. सकाळी डबा करायला घरी गेले. गेल्या गेल्या भिंतीवर हात ठेवला. रोज ठेवते.

कोरडी.

इथे बाटली पुन्हा अर्धी झालीय. अमोल झोपलाय. तो श्वास घेतो, नळी हलते, आणि...

बांगड्या वाजतात.

बाटली बघायला आलेल्या नर्सच्या हातांकडे मी रागाने पाहिलं. तिने दोन्ही हात पुढे केले. मनगटं रिकामी होती.

मला ओल हवीय. सगळ्या भिंतींना, पार छतापर्यंत.